जुना संगणक अभ्यासिकेला द्यायचाय, पण त्यातले लोकांचे टॅक्सचे कागद खात्रीने कसे पुसू?

पाचपाखाडीकर (सोमवार, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते, कारण यात चूक झाली तर ती मला नाही, दुसऱ्यांना भोगावी लागेल.

मी २२ वर्षं ठाण्यात पाचपाखाडीला घरच्या बाहेरच्या खोलीत बसून लोकांची इन्कम टॅक्सची रिटर्न भरून दिली. शाळेतले शिक्षक, बँकेतून निवृत्त झालेले, जांभळी नाक्यावरचे दोन-तीन व्यापारी, अशी साधारण तीनशे घरं. मार्चअखेर काम थांबवलं आणि आता लेकीकडे ऐरोलीला राहायला जातेय. तिथे दोन-दोन संगणक ठेवायला जागा नाही. डेस्कटॉप २०१२ चा आहे, ५०० जीबीची हार्ड डिस्क, अजून ठणठणीत चालतो. तो कळव्याच्या एका अभ्यासिकेला द्यायचं कबूल केलंय. लॅपटॉप २०१९ चा, त्यात २५६ जीबीची एसएसडी आहे. तो आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताईंच्या मुलीला द्यायचाय. ती एफवायबीकॉमला आहे आणि सगळा अभ्यास फोनवर करते.

माझ्याकडे प्रत्येक घराचा एक फोल्डर. त्यात पॅन, आधार, बँकेची स्टेटमेंट, फॉर्म १६, घरकर्जाचा दाखला. पण टॅक्सच्या कागदांत माणसाचं सगळं आयुष्य असतं हो. कलम ८०डीडीबीची वजावट घ्यायची म्हणून एका गृहस्थांनी कॅन्सरचे कागद दिले होते, तेव्हा त्यांच्या सुनेलाही आजाराचा पत्ता नव्हता. एका बाईंच्या पोटगीचा कोर्टाचा आदेश आहे. आणि एक एक्सेलची शीट आहे, तिच्यात सगळ्यांचे ई-फायलिंगचे पासवर्ड. ती तशी ठेवायला नको होती. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात एकदम पन्नास जणांची रिटर्न समोर असायची, तेव्हा दुसरं काही सुचलं नाही.

कुणी म्हणेल, पीडीएफना तर पासवर्ड असतो. असतो, पण कसला? ई-आधारचा म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल. टॅक्सच्या इंटिमेशनचा म्हणजे पॅन आणि जन्मतारीख. २६एएसचा, म्हणजे कापलेल्या टॅक्सच्या तक्त्याचा, तर नुसती जन्मतारीख. आणि पॅनकार्डाचा स्कॅन त्याच फोल्डरमध्ये शेजारी.

आता मी काय केलं ते सांगते. आधी सगळे फोल्डर शिफ्ट-डिलीट केले. मग डेस्कटॉप स्टेशनजवळच्या एका दुकानात नेला, तिथे एक रात्र ठेवला, फॉरमॅट करून नवीन विंडोज टाकून घेतलं. "मॅडम, आता त्यात काही म्हणजे काही राहिलं नाही," असं त्यांनी सांगितलं. मी निश्चिंत होऊन घरी आले. काल नेरुळहून भाचा आला होता. तो म्हणाला, मावशी, देण्याआधी एकदा बघू या. त्याने रेकुव्हा नावाचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवरून चालवला, डीप स्कॅन लावलं आणि आम्ही जेवायला बसलो. उठून बघतो तर हजारो फायलींची यादी. पहिली उघडली ती एका निवृत्त मुख्याध्यापिकांच्या पेन्शन खात्याचं २०१७ चं स्टेटमेंट. नाव, पत्ता, खाते क्रमांक, शिल्लक, सगळं जसंच्या तसं. त्या बाई मला अजून राम मारुती रोडवर भेटतात, थांबून लेकीची चौकशी करतात. माझे हातपाय गार पडले.

मला विचारायचंय ते असं. डेस्कटॉपची डिस्क अशी पुसता येते का, की कुणीही, कुठल्याही प्रोग्रॅमने ते कागद परत काढू शकणार नाही? लॅपटॉपला तीच पद्धत चालते की वेगळी? आणि पुसलं गेलंय हे माझं मला तपासता येईल का? या वेळी मला कुणाच्या तोंडी शब्दावर थांबायचं नाही.

जुनी_चकती (सोमवार, रात्री १०.२५)

ताई, भाच्याने फार मोलाचं काम केलं. वाशीला सेक्टर १७ मध्ये १४ वर्षं डेटा रिकव्हरीचं काम करतोय. गेलेलं परत काढून देणं हाच आमचा धंदा, त्यामुळे काय परत येत नाही तेही रोज दिसतं.

सोसायटीच्या जिन्यापाशी कोण कुठल्या घरात राहतं त्याची पाटी असते ना, तशी विंडोजच्या डिस्कवर फायलींची एक यादी असते. शिफ्ट-डिलीट केलं की पाटीवर त्या नावापुढे 'घर रिकामं' एवढंच लिहिलं जातं. सामान आत जागच्या जागी. क्विक फॉरमॅट म्हणजे पाटीच नवी लावली. रेकुव्हाचं डीप स्कॅन किंवा फोटोरेक नावाचा तसाच दुसरा प्रोग्रॅम पाटीवर अवलंबून राहतच नाहीत, प्रत्येक घराचं दार ढकलून बघतात. दुकानात नवीन विंडोज टाकलं तेव्हा वीस-तीस जीबी जागेवर नवं सामान आलं, तिथलं जुनं कायमचं गेलं. उरलेल्या जागेत तुमचे क्लायंट होते तसेच राहिले.

म्हणून हार्ड डिस्कवर उपाय एकच, प्रत्येक घरात नवं सामान भरायचं. सगळ्या डिस्कवर शून्यं लिहायची. विंडोजच्या इन्स्टॉलेशनचा पेन ड्राइव्ह लावा, त्यावरून मशीन सुरू करा. भाषा विचारणारा पहिला पडदा आला की शिफ्ट आणि एफ१० एकत्र दाबा, काळी खिडकी उघडेल. तिथे इंग्रजी अक्षरांत डिस्कपार्ट लिहून एंटर, मग लिस्ट डिस्क. इथे घाई करू नका. यादीत पेन ड्राइव्हही दिसतो, आकार बघून ५०० जीबीची डिस्क कुठली ते ओळखा (साधारण ४६५ जीबी दिसेल). शक्यतो दुसरी कुठलीही डिस्क मशीनला जोडलेलीच ठेवू नका. आमच्याकडे येणाऱ्या सगळ्यात दुःखी माणसांमध्ये भलतीच डिस्क पुसलेले लोक असतात, आणि त्यांना आम्ही काही देऊ शकत नाही. मग सिलेक्ट डिस्क आणि तिचा क्रमांक, आणि शेवटी क्लीन ऑल. नुसतं क्लीन लिहिलंत तर दोन सेकंदांत होईल आणि फक्त पाटी जाईल. 'ऑल' हवंच. ५०० जीबीला दीड-दोन तास लागतील. पडद्यावर टक्के वगैरे काही दिसत नाही, अडकलंय असं समजून बंद करू नका.

एकदाच पुरे. ३५ वेळा पुसावं लागतं असं कुणी सांगेल. तो आकडा पीटर गटमन यांच्या १९९६ च्या लेखातला. तेव्हाच्या वेगवेगळ्या जुन्या डिस्कसाठी लागणाऱ्या सगळ्या फेऱ्यांची ती बेरीज होती. आजच्या डिस्कला त्याची गरज नाही हे त्यांनीच पुढे लिहिलंय. अमेरिकेच्या निस्ट संस्थेची मार्गदर्शिकाही आधुनिक हार्ड डिस्कला एक फेरी पुरेशी मानते. १४ वर्षांत एकदा पूर्ण शून्यं लिहिलेल्या डिस्कवरून एकही फाइल आम्ही काढू शकलेलो नाही.

आणि तुमच्यासारखा प्रसंग फक्त तुमच्यावर आलेला नाही. एमआयटीचे सिमसन गारफिंकल आणि अभी शेलाट यांनी २००० ते २००२ मध्ये १५८ जुन्या हार्ड डिस्क विकत घेतल्या. १२९ चालू निघाल्या, त्यांतल्या नीट पुसलेल्या फक्त १२. बाकीच्यांतून पाच हजारांवर क्रेडिट कार्ड क्रमांक निघाले. देणाऱ्यांपैकी बहुतेकांना आपण पुसून दिलं असंच वाटत असणार.

लॅपटॉपला मात्र ही पद्धत वापरू नका. एसएसडीचं गणित वेगळं आहे.

खोपटकर (सोमवार, रात्री ११.०५)

काकू, एवढा खटाटोप कशाला? दोन्ही डिस्क काढा, ड्रिलने चार भोकं पाडा, विषय संपला. आमच्या वर्कशॉपमध्ये आणा, मी पाडून देतो. एसएसडीला मोठं लोहचुंबक लावलं तरी चालेल.

घणसोली_सेक्टर९ (मंगळवार, सकाळी ७.५०)

खोपटकर दादा, लोहचुंबकाने एसएसडीला काहीही होत नाही. तिच्यात चुंबकीय थरच नाही, विजेचा भार साठवणाऱ्या चिप आहेत. भोक पाडलंत आणि ते चिपच्या शेजारून गेलं तर चिप शाबूत राहते. शिवाय ज्या मुलीला लॅपटॉप द्यायचाय तिला डिस्क हवीच आहे ना? चालू वस्तू फोडणं हा शेवटचा उपाय, पहिला नाही.

ताई, मी महापेला एका कंपनीत जुने लॅपटॉप पुसून पुढे पाठवण्याच्याच विभागात आहे. एसएसडीबद्दल लिहिते.

एसएसडीत एकाच जागी पुन्हा पुन्हा लिहिलं तर ती जागा झिजते. म्हणून तिच्या आतला कंट्रोलर प्रत्येक वेळी वेगळी जागा निवडतो, आणि विंडोजला न दिसणारी थोडी राखीव जागाही बाळगतो. तुम्ही 'शून्यं लिही' म्हटलं की तो शून्यं कुठेतरी लिहितो, जुन्या जागेवरच लिहील याची हमी नाही. राखीव जागेपर्यंत तर तुमची आज्ञा पोचतच नाही. त्यामुळे एसएसडीला आतूनच 'सगळं पूस' असं सांगावं लागतं. त्याला सिक्युअर इरेज म्हणतात.

लॅपटॉप सुरू होताना बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये, जा (एफ२ किंवा एफ१०, कंपनीप्रमाणे बदलतं) आणि सिक्युरिटीच्या पानावर तो पर्याय आहे का बघा. नसेल तर एसएसडी ज्या कंपनीची आहे तिचा मोफत प्रोग्रॅम मिळतो. ज्या डिस्कवर विंडोज चालू आहे तीच डिस्क तो पुसू शकत नाही, म्हणून बहुतेक वेळा त्याचा पेन ड्राइव्ह बनवून त्यावरून सुरू करावं लागतं. दोन्ही जमलं नाही तर बिटलॉकर लावा (विंडोजमधली सोय, डिस्कवरचं सगळं किल्लीशिवाय वाचता येणार नाही असं करते, त्यालाच एन्क्रिप्शन म्हणतात), आणि विचारेल तेव्हा 'फक्त वापरलेली जागा' न निवडता 'संपूर्ण ड्राइव्ह' निवडा. हा प्रश्न लोक न वाचता पुढे जातात आणि नेमक्या जुन्या पुसलेल्या फायली तशाच उघड्या राहतात. एन्क्रिप्शन पूर्ण झालं की विंडोजच्या सेटिंगमधून रीसेट, 'रिमूव्ह एव्हरीथिंग', आणि आत चेंज सेटिंग्जमध्ये 'क्लीन डेटा' चालू करून. ही तिसरी वाट सिक्युअर इरेजइतकी पक्की नाही, पण घरगुती वापरासाठी चांगली आहे.

पुसण्याआधी एक गोष्ट विसरू नका. लॅपटॉपवर वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्ह जोडलेलं असेल तर आधी तिथून साइन आउट करा. जोडलेल्या फोल्डरमधून फाइल डिलीट केली की ती क्लाउडवरूनही जाते. आमच्या एका सहकाऱ्याने लॅपटॉप रिकामा करताना मुलाच्या बारशाचे फोटो असेच घालवले, कचरापेटीचे दिवस उलटल्यावर त्याला कळलं.

आता एक जरा कटू बोलते, राग मानू नका. तुमचा डेस्कटॉप दुकानात एक रात्र होता. दुकानदार भला माणूसच असेल. पण ती पासवर्डची शीट तेव्हा परत काढता येण्यासारखी होती, आणि आता पुसल्याने ती रात्र पुसली जाणार नाही. त्या तीनशे घरांना ई-फायलिंगचा पासवर्ड बदलायला सांगणं भाग आहे. पोर्टलवर ई-फायलिंग व्हॉल्ट नावाची सोय आहे, ती लावली की नुसत्या पासवर्डने आत जाता येत नाही. आधारचे बायोमेट्रिकही यूआयडीएआयच्या साइटवरून लॉक करता येतात.

पाचपाखाडीकर (मंगळवार, सकाळी ९.१५)

राग कसला मानू? हे माझ्या मनात आलंच नव्हतं आणि यायला हवं होतं. मी आजपासून फोन करायला घेते.

कोपरखैरणे_वाचनकट्टा (मंगळवार, दुपारी १.३०)

मी घेणाऱ्यांच्या बाजूने लिहितो. आम्ही कोपरखैरण्यात मुलांसाठी अभ्यासिका चालवतो, आठ संगणक आहेत आणि सगळे कुणी ना कुणी दिलेले. त्यांतल्या पाचांत आधीच्या मालकांचं काही ना काही होतं. एकात एका घरातल्या बाईंचे बाळंतपणाचे रिपोर्ट होते. दहावीतल्या मुलाने ते उघडले आणि घाबरून मला बोलवायला आला. मुलांवर असा प्रसंग येऊ नये, म्हणून तुम्ही करताय ते आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं.

डेस्कटॉप पुसून झाल्यावर त्यात काय टाकायचं? २०१२ च्या मशीनवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आम्ही सगळ्यांवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत सिस्टिम टाकलीय. मराठी कळफलक आहे, लिबरऑफिस आहे, मुलं आठवड्यात सरावतात. कळव्याच्या मंडळींना विचारून बघा, डिस्क रिकामीच द्या म्हटले तर तशीच द्या. रिकामी डिस्क मिळाली तर आम्हाला आनंदच होतो.

पाचपाखाडीकर (पुढच्या सोमवारी, रात्री ८.२०)

झालं ते सांगायला आले आहे.

आधी जे ठेवायला हवं ते एका बाहेरच्या डिस्कवर घेतलं, भाच्याने तिला बिटलॉकर लावून दिलं. ती डिस्क कपाटात, तिचा पासवर्ड माझ्या डोक्यात आणि एका पाकिटात लेकीकडे.

शनिवारी सकाळी १० ला डेस्कटॉपवर क्लीन ऑल लावलं. लिस्ट डिस्क आल्यावर भाचा आणि मी, दोघांनी दोनदा आकडा मोठ्याने वाचला, मगच पुढे गेलो. तास झाला असेल नसेल, वीज गेली. पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या वेळी १ तास ५० मिनिटं लागली. तेवढा वेळ मी समोर बसून होते. २२ वर्षं त्या खोलीत लोक माझ्यावर भरवसा ठेवून कागद टेबलावर ठेवून गेले, ते मी असे पुसतेय, हे सोडून उठून दुसऱ्या कामाला लागावंसं वाटेना.

तपासणी दोन तऱ्हांनी केली. भाच्याने डिस्क काढून आपल्या लॅपटॉपला यूएसबीने जोडली आणि डिस्कवर लिहिलेला एकेक आकडा दाखवणाऱ्या एचएक्सडी नावाच्या प्रोग्रॅममध्ये उघडली. वरपासून खालपर्यंत नुसती शून्यं. मधली, शेवटची, कुठलीही जागा काढा, शून्यंच. मग त्यावर नवा विभाग बनवून रेकुव्हाचं डीप स्कॅन लावलं. यादीत एकही जुनी फाइल नाही. मुख्याध्यापिका बाईंच्या स्टेटमेंटचं नाव मी मुद्दाम लिहून ठेवलं होतं, तेही शोधलं. नाही सापडलं. तेव्हा कुठे जेवण गोड लागलं.

लॅपटॉपच्या बायोसमध्ये सिक्युअर इरेज होतं. चालू केलं आणि मिनिटभरात संपलं. मला खरंच वाटेना. घणसोलीच्या ताई, एवढ्या लवकर कसं होतं? तुम्ही सांगितलेलं बिटलॉकरही खबरदारी म्हणून आधी लावून संपूर्ण ड्राइव्ह एन्क्रिप्ट केला होता, म्हणून मनाला धीर आहे.

आणखी एक निघालं. टेबलाच्या खालच्या खणात २००५ च्या सुमाराची ८० जीबीची डिस्क होती, बंद पडलेली. जोडली की टक टक आवाज येतो, विंडोजला दिसतच नाही. तिचं काय करू? तिच्यातही पहिल्या काही वर्षांची रिटर्न आहेत.

घणसोली_सेक्टर९ (सोमवार, रात्री ८.५५)

ताई, हार्ड डिस्कला चकती फिरवत एकेक जागा लिहावी लागते. एसएसडी चिपमधले मोठे मोठे ठोकळे एकदम विजेने मोकळे करू शकते. काही एसएसडी तर आतल्या आत सगळं कायम एन्क्रिप्ट करूनच लिहितात, त्या फक्त किल्ली फेकून नवी बनवतात. म्हणून मिनिटभर. तुम्ही केलंत ते बरोबर आहे, त्या मुलीला खुशाल द्या.

जुनी_चकती (सोमवार, रात्री ९.३०)

टक टक करणाऱ्या डिस्कवर लिहिता येत नाही, म्हणून ती पुसताही येणार नाही. पण आमच्यासारख्या ठिकाणी तिचं हेड, म्हणजे चकती वाचणारा भाग, बदलून ती वाचता येऊ शकते. तेव्हा ही मात्र फोडायची. खोपटकर दादांचा ड्रिल इथे कामाला येईल. वरचं झाकण काढून आतल्या चकत्यांवरच भोकं पाडा, बाजूच्या हिरव्या पट्टीवर नाही. डोळ्यांना गॉगल लावा. लॅपटॉपमधल्या लहान डिस्कच्या चकत्या बऱ्याचदा काचेच्या असतात आणि फुटून उडतात. तुमची डेस्कटॉपची असली तर ॲल्युमिनियमची असेल, नुसती वाकेल, पण गॉगल तरी लावाच. उरलेलं भंगारवाल्याला न देता अधिकृत ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्या.

खोपटकर (सोमवार, रात्री ९.४५)

काकू, बुधवारी संध्याकाळी सहानंतर कधीही या. गॉगल वर्कशॉपमध्ये आहेत. तुमच्या डोळ्यांसमोर पाडतो.

पाचपाखाडीकर (सोमवार, रात्री १०.१०)

बुधवारी येते. गुरुवारी डेस्कटॉप कळव्याला जाईल, त्यांना रिकामी डिस्कच हवी आहे.

फोनचं सांगायचं राहिलं. आजपर्यंत ११२ घरं झाली. चार जण चिडले, तो त्यांचा हक्कच आहे. मुख्याध्यापिका बाईंकडे फोन न करता प्रत्यक्ष गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा लावला, माझ्यासमोर पासवर्ड बदलला आणि व्हॉल्टही लावून घेतलं. उद्या सकाळी 'क'च्या आडनावांपासून पुढे.